हातात फक्त आवाज

पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तो दिवस. मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या सत्रात आमच्या वर्गाने वारीवर २८ मिनिटं ३० सेकंदांचा लाइव्ह कार्यक्रम केला. तीन कॅमेरे, एक निवेदिका आणि दोन पाहुणे: लातूरकडच्या एका दिंडीतल्या आजी आणि त्याच दिंडीतला तरुण मृदंगवादक. कार्यक्रम दुपारी चार वाजता यूट्यूबवरून थेट जाणार होता. दिग्दर्शन माझ्याकडे होतं. याला सात-आठ वर्षं झाली. पुढे बरंच काम केलं, पण त्या दिवशी जे कळलं ते अजून पुरतंय.

१. लाइव्हच्या दिवशी डिरेक्टरच्या हाताला काही कामच नसतं. हे मला रिहर्सलपर्यंत खरोखर माहीत नव्हतं. त्याआधी मी छोट्या फिल्म्स केल्या होत्या, स्वतः कॅमेरा धरून, स्वतः एडिट करून. इथे कॅमेरे तिघांच्या हातात, स्विचरची बटणं चौथ्याच्या, आवाजाचे फेडर पाचवीच्या. फ्लोअर मॅनेजर खाली स्टुडिओत, पीए, म्हणजे प्रॉडक्शन असिस्टंट, शेजारी घड्याळ धरून. मी मध्ये, मॉनिटरच्या भिंतीसमोर, कानावर टॉकबॅक, म्हणजे सगळ्या टीमशी बोलायचा हेडसेट. पहिल्या रिहर्सलला एक कट उशिरा होतोय असं वाटलं आणि मी शेजारच्या मुलाच्या पुढ्यातून हात घालून बटण दाबायला गेले. मागे उभे असलेले सर एवढंच म्हणाले, "हात मागे घे." दुसऱ्या रिहर्सलला मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. तेव्हा पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू आला. केवढा पातळ होता तो.

२. प्रक्षेपणाचा दिवस सकाळी आठलाच सुरू होतो, आणि त्यातली बहुतेक कामं कोणाला दिसत नाहीत. केबलींवर टेप मारणं, तिन्ही कॅमेऱ्यांचं व्हाइट बॅलन्स एकाच पांढऱ्या कागदावर जुळवणं, कपड्याला लावायच्या लेपल माइकमध्ये नव्या बॅटऱ्या घालणं. नावाच्या पट्ट्या पुन्हा एकदा वाचणं. आजींच्या आडनावात आमच्याकडून एक वेलांटी चुकली होती. त्यांच्या नातवाला फोन करून विचारलं तेव्हा कळलं. मला ती चूक फार लागली. आयुष्यात बहुधा एकदाच पडद्यावर येणारं नाव, आणि तेच चुकीचं गेलं असतं.

३. कुठला शब्द आधी बोलायचा, याला लाइव्हमध्ये फार महत्त्व असतं. सर दूरदर्शनच्या मुंबई केंद्रातून निवृत्त झालेले. १९७४मध्ये टेलिव्हिजनचं प्रशिक्षण दिल्लीहून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आलं. सर तिथेच शिकले. त्यांनी आम्हाला जुनी शिस्त लावली: आधी 'स्टँडबाय', मग 'टेक'. स्टँडबाय ऐकलं की कॅमेरामन फ्रेम पक्की करतो आणि हलायचं थांबतो. नाहीतर फोकस शोधणारा कॅमेरा घराघरात दिसतो.

पण माझी अडचण 'टेक'पाशी होती. मी "टेक... थ्री" म्हणायचे, आणि 'टेक' कानावर पडताक्षणी स्विचरवरच्या मुलाचं बोट खाली जायचं. 'थ्री' येईपर्यंत भलताच कॅमेरा ऑन एअर. दोष त्याचा नव्हता. त्याचं बोट क्रियापदाची वाट बघत असायचं आणि माझं क्रियापद आकड्याच्या आधी यायचं. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम. माझ्या अर्ध्या सेकंदाच्या अडखळण्यात बारा फ्रेम चुकीच्या जायच्या. दुपारी जेवताना तोच म्हणाला, "तू मराठीत का बोलत नाहीस?" मराठीत आपण आधी काय ते सांगतो आणि मग घे म्हणतो. त्यानंतर मी "थ्री... घे" म्हणायला लागले. आकडा ऐकला की त्याचं बोट बटणावर जायचं, 'घे'ला दाबलं जायचं. एकही कट चुकला नाही. सरांनी ते ऐकलं, पण हरकत घेतली नाही. पुढे कामावर इतरांच्या पद्धतीने बोलायला शिकले, तरी घाईच्या क्षणी तोंडातून 'घे'च येतं.

४. टॉकबॅकवर एकाला ओरडलं की सगळ्यांना ओरडल्यासारखं होतं. हे मी ऑन एअर असताना शिकले, आणि त्याचं अजून वाईट वाटतं.

अकराव्या मिनिटाला मृदंगवादकाचा लेपल गेला. तो बोलत होता आणि आवाज एकदम खोल विहिरीतून आल्यासारखा झाला. मी किंचाळले, "ऑडिओ! ऑडिओ काय करतेय?" कॅमेरा टू त्या वेळी आजींच्या क्लोजअपवर होता, आणि ती फ्रेम हादरली. रेकॉर्डिंगमध्ये आजही दिसतं: आजींचा शांत चेहरा आणि त्याला बसलेला एक हिसका. तो हिसका माझ्या आवाजाचा आहे.

ऑडिओवरच्या मुलीने तर माझ्या ओरडण्याआधीच स्टँडवरच्या माइकचा फेडर वर सरकवायला घेतला होता. सकाळीच तिने तो माइक मृदंगाच्या चाटीकडे, थोडा लांब लावून ठेवला होता. रिहर्सलमध्ये तो मुलगा हळू वाजवतोय, पण लोक बघतायत म्हटल्यावर मोकळा होऊन वाजवेल, असा तिचा अंदाज. तसंच झालं. तिने मला काही विचारलं नव्हतं, विचारायची गरजही नव्हती. मी गप्प बसले असते तर चार सेकंदांत सगळं सावरलं होतं. कार्यक्रमानंतर कॅमेरा टूवरचा मित्र म्हणाला, "तू ओरडलीस तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं." मी त्याची माफी मागितली. तिचीही मागितली, सगळ्यांच्या देखत, कारण ओरडलेही सगळ्यांच्या देखतच होते.

५. जे हवंय ते बऱ्याचदा प्रीव्ह्यूमध्ये येऊन उभं असतं आणि आपण रनडाउनचा कागद वाचत असतो. आजी स्टुडिओच्या दाराशी आल्या तेव्हा त्यांनी चपला बाहेर काढल्या. फ्लोअर मॅनेजर म्हणाला, "राहू द्या माउली, फरशी गार आहे." त्यांनी ऐकलं नाही. "दिवा लावलाय ना आत," म्हणाल्या. स्टुडिओतले एवढाले लाइट त्यांनी दिवा म्हणून घेतले, आणि आमच्यातलं कोणीही त्यावर हसलं नाही. त्या अनवाणीच बसल्या.

सतराव्या मिनिटाला निवेदिका त्यांना वाटेबद्दल विचारत होती. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. त्यातला जेमतेम सुरुवातीचा तुकडा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी सासवडच्या वाटेवर दिवे घाट चढायचा होता. माझ्या कागदावर तिथे 'टू-शॉट' लिहिलं होतं. कॅमेरा थ्री मात्र हळूहळू खाली उतरला. मॉनिटरमध्ये दोन पावलं दिसली. टाचांच्या भेगा, नखांत अडकलेली माती, आणि उजव्या अंगठ्याला साडीच्या काठाची चिंधी, घट्ट गाठ मारून बांधलेली. आजी वर बोलत होत्या आणि बोलता बोलता तो अंगठा जमिनीवर हलके हलके ताल धरत होता. कॅमेरा थ्रीवरच्या मुलाने काही सुचवलं नव्हतं, टॉकबॅकवर एक शब्द उच्चारला नव्हता. त्याने फक्त फ्रेम धरून ठेवली आणि वाट बघितली. मी कागद उलटा ठेवला आणि म्हटलं, "थ्री... घे." तो शॉट चौदा सेकंद राहिला. त्या कार्यक्रमातलं मला सर्वांत आवडणारं तेच आहे, आणि ते माझं नाही.

६. घड्याळ सांभाळणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा. पीए मुलगी पूर्ण वेळ उलटी मोजणी करत होती, एकाच सुरात. शेवटापासून मागे मोजत यायचं असतं: टायटल्सना ४० सेकंद, निरोपाला सहा, म्हणजे शेवटचं उत्तर कितीला संपायला हवं. मला तेव्हा हिशेब सुचत नव्हता. तिच्या आवाजाला धरून चालत होते.

७. लाइव्हमध्ये शांततेची भीती वाटते, आणि ती भीती बहुतेक वेळा आपली स्वतःची असते. निवेदिकेने शेवटचा प्रश्न विचारला: "घरची आठवण येते का?" आजी काही बोलल्या नाहीत. फ्लोअर मॅनेजरने कॅमेऱ्याशेजारून बोट वर करून एक मिनिटाची खूण केली. आजींनी ती बघितली आणि त्यालाच हात जोडले. पुन्हा गप्प. पीए म्हणाली, "आपण ओव्हर जातोय." माझ्या तोंडात 'क्यू अँकर' आलेलं होतं. एवढं म्हटलं असतं की निवेदिकेने सफाईने निरोप घेतला असता, कोणाला काही कळलंही नसतं. सर मागेच होते, तेही बोलले नाहीत. का ते सांगता येणार नाही, पण त्या क्षणी मला आजींच्या चेहऱ्यावरून नजर काढवेना. कॅमेरा टू आता दगडासारखा स्थिर होता. नऊ सेकंद गेले. नंतर रेकॉर्डिंगवर मोजले.

मग आजी म्हणाल्या, "म्हशीची येते. दिवस भरलेत तिचे."

पीए तेवढ्याच सुरात म्हणाली, "टायटल्स बावीसच सेकंद बसतील." मी म्हटलं, बावीस चालतील. निवेदिकेने हात जोडले, टायटल्स लागली, मी "फेड टू ब्लॅक" म्हटलं. २८ मिनिटं ३० सेकंद.

८. थेट प्रक्षेपणही घरी थोडं उशिराच पोहोचतं. हे वर्गात शिकलो होतो: यूट्यूबवर काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत मागे राहतं. पण ते शिकणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. फेड झाल्यावर कंट्रोल रूममध्ये कोणी बोललं नाही. कोणी हेडसेटही काढला नाही. खाली स्टुडिओत फ्लोअर मॅनेजर आजींचा लेपल काढत असलेला मॉनिटरवर दिसत होता. पीएचा मोबाइल समोर उभा करून ठेवलेला, त्यावर आमचाच कार्यक्रम चालू होता, अर्ध्या मिनिटाहून जरा जास्त मागे. त्यात आजींनी नुकतेच हात जोडले होते आणि त्या गप्प होत्या. स्विचरवरच्या मुलाचं बोट अजून बटणावर होतं. उत्तर काय येणार ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळे त्या छोट्या पडद्याकडे बघत, आजी बोलायची वाट पाहत उभे राहिलो.