२०४८ चा खेळ आणि तुमचं खेळतं भांडवल

आजच्या व्हिडिओत काळ्या स्क्रीनवर आकडे सरकताना दिसले, तो खेळ म्हणजे २०४८. गॅब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये तो बनवला आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. म्हणूनच तो ब्राउझरमधून टर्मिनलमध्येही आला. उबंटू लिनक्सवर '२०४८' याच नावाचं पॅकेज मिळतं. जाहिरात नाही, इंटरनेट नको.

खेळ सोपा आहे. चार बाय चारची १६ घरं. बाणाचं बटण दाबलं की सगळे आकडे त्या बाजूला सरकतात आणि शेजारचे सारखे आकडे एक होतात. २ आणि २ चे ४, मग ८, १६ असं २०४८ पर्यंत. पण प्रत्येक चालीनंतर एका रिकाम्या घरात नवा आकडा येऊन बसतो. बहुतेक वेळा २, साधारण दहात एकदा ४.

आता नीट बघा. खेळ कधी संपतो? स्कोअर कमी पडला म्हणून नाही. १०२४ आणि ५१२ बोर्डावर आहेत, स्कोअर १२,००० च्या पुढे गेलाय, आणि तरीही खेळ खलास! कारण घर एकही रिकामं नाही आणि शेजारी सारखा आकडा नाही.

धंद्यात त्या रिकाम्या घरांना आपण खेळतं भांडवल म्हणतो. समजा तुम्ही मसाले विकता. ४० हजार उधारीत, ३० हजार न खपलेल्या पाकिटांत, २० हजार पुढच्या सणासाठी घेतलेल्या मिरचीत. वहीत नफा दिसतो, पण सोमवारी पॅकिंगवाल्याला द्यायला पाच हजार नाहीत. घरं भरली!

आणखी एक. एका ओळीत २, २, ४, ८ असेल तर एका फटक्यात १६ होत नाहीत. आधी ४, ४, ८, मग ८, ८, मग १६. तीन चाली लागतात, आणि दर चालीला नवा आकडा जागा खातो. उधारी वसुलीचंही असंच. पैसे येईपर्यंत भाडं, लाइट बिल थांबत नाही. म्हणून मोठी ऑर्डर घेताना "किती सुटतील?" याच्या आधी "किती दिवसांनी सुटतील?" हे विचारा.

मुरलेले खेळाडू सर्वांत मोठा आकडा कोपऱ्यात ठेवतात आणि शक्यतो हलवत नाहीत. तो मधे आला की लहान आकडे त्याच्या दोन्ही बाजूंना अडकतात. (ही तुलना फार ताणू नका, गिऱ्हाईक काही बाणाच्या बटणाने सरकत नाही.)

या आठवड्याचा गृहपाठ: तीन डाव खेळा. दर दहा चालींनी थांबून रिकामी घरं मोजा आणि कागदावर लिहा. चारपेक्षा कमी झाली की मोठा आकडा करायचा नाद सोडून आधी जागा मोकळी करा. मग त्याच कागदाच्या मागे आजची हातातली रोकड लिहा, आणि ती तुमचा किती दिवसांचा खर्च भागवेल तेही. पुढच्या व्हिडिओला हा कागद लागणार आहे.