मिठाला पाणी सुटतं तेव्हा

गणपती नुकतेच गेले होते. पाणजेच्या खाजणात सकाळी ओहोटी लागली होती आणि उघड्या पडलेल्या चिखलावर एकच मोठी नांगी असलेले नर खेकडे बिळांतून बाहेर येऊन ती नांगी वरखाली हलवत होते. उरणला कॅमेरा घेऊन येणारे बहुतेक जण इथे पक्ष्यांसाठी येतात. माझं लक्ष त्या पक्ष्यांच्या पायाखालच्या चिखलात असतं. प्लॅस्टिकच्या कागदावर पोट आणि कोपरं टेकून मी वीस मिनिटं हललो नव्हतो. एक नर वीतभर अंतरावर आला, देठावरचे डोळे ताठ करून थांबला. मी बटण दाबलं. शटर वाजलंच नाही. पडद्यावर अ‍ॅपर्चरच्या जागी शून्य आणि खाली सूचना : कॅमेरा आणि लेन्सचा संपर्क होत नाही. पुन्हा दाबलं तर फोटो निघाला. तिसऱ्यांदा परत तेच. तोवर खेकडा बिळात गेला होता.

पुढचे कित्येक आठवडे आणि बरेच पैसे मी चुकीच्या दिशेने घालवले. समुद्राकाठी राहून किड्यामुंग्यांचे, खेकड्यांचे फोटो काढणाऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून सगळं जसं झालं तसं सांगतो.

त्या दिवशी माझ्याकडे 100 मिमीची मॅक्रो लेन्स होती आणि ती व कॅमेरा यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूबच्या तीन कड्या : 12, 20 आणि 36 मिमीच्या. कड्यांत काच नसते. लेन्स सेन्सरपासून लांब सरकवणं एवढंच त्यांचं काम. त्यामुळे जवळचं आणखी मोठं दिसतं. काच नाही म्हणजे बिघडण्यासारखंही काही नाही, असं मी धरून चाललो. माझी पहिली चूक ती. माझ्या लेखी दोषी ठरली ती महागडी लेन्स.

मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि मुंबईतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. कारागिराने लेन्स कॅमेऱ्याला लावली, पन्नासेक फोटो काढले. एकही चुकला नाही. मी परत आलो, खाजणात गेलो, तर तोच दोष. दुसऱ्या खेपेलाही दुकानात सगळं ठीक. तिसऱ्या खेपेला मीच हट्ट धरला तेव्हा त्याने लेन्सच्या आतला एक भाग बदलून दिला. पैसे दिले, घरी आलो, दुसऱ्या सकाळी पडद्यावर शून्य. त्याचा काही दोष नव्हता. मी त्याला कॅमेरा आणि लेन्स दिली होती. कड्या पिशवीतून बाहेरही काढल्या नव्हत्या. शिवाय त्याचं दुकान वातानुकूलित होतं. हा मुद्दा तेव्हा मला सुचला नाही, पण सगळं उत्तर त्यातच होतं.

दुसरी चूक जास्त महाग पडली. मोटरसायकलच्या गंजलेल्या साखळीवर मारतात तो तेलाचा फवारा मी लेन्सच्या मागच्या कॉन्टॅक्टवर, म्हणजे कॅमेऱ्याशी विजेचा संपर्क जोडणाऱ्या धातूच्या ठिपक्यांवर, मारला. आठवडाभर कॅमेरा सुरळीत चालला आणि मला वाटलं, जिंकलो. मग फोटो विचित्र यायला लागले : एकापाठोपाठ पाच काढले तर पहिला बरा, पुढचे पांढरेफटक. असलं पातळ तेल फटींतून सरकत जातं. ते अ‍ॅपर्चरच्या पात्यांपर्यंत पोचलं होतं. पाती एकमेकींना चिकटून वेळेत मिटत नव्हती आणि जास्तीचा उजेड आत येत होता. लेन्स पूर्ण उघडून पाती धुवावी लागली. कॅमेऱ्याच्या आसपास असला फवारा कधीही नेऊ नका, हे हात जोडून सांगतो.

आईमुळे डोक्यात प्रकाश पडला. परतीच्या पावसाची एक दमट संध्याकाळ होती. तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘‘बघ रे, बरणीतल्या मिठाला पुन्हा पाणी सुटलंय. थोडे तांदूळ दे टाकायला.’’ उरण हा मिठागरांचा मुलूख. मीठ हवेतलं पाणी ओढतं हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं, आणि मी ते कॅमेऱ्याला कधी लावून पाहिलं नव्हतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की कोरडं मीठ हवेतलंच पाणी शोषून विरघळतं. खाली आली की पुन्हा खडा होतो. खाजणातल्या वाऱ्याबरोबर, लाँचच्या कठड्यावर उडणाऱ्या तुषारांबरोबर जे मीठ माझ्या कड्यांवर बसत होतं, ते दमट पहाटे खारं पाणी होत होतं आणि मुंबईच्या दुकानात सुकून गप्प बसत होतं. कड्यांच्या कॉन्टॅक्टवरच्या सोन्याच्या पातळ मुलाम्याखालचा धातू ते हळूहळू खात होतं.

त्याच रात्री टेबलावर बसलो आणि पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. आधी नुसता कॅमेरा आणि लेन्स, वीस फोटो. मग मध्ये फक्त 12 ची कडी, वीस फोटो. मग फक्त 36 ची. मग 20 ची. विसाच्या कडीने चौथ्या फोटोला दगा दिला. 50 मिमीची लेन्स उलटी धरून तिचं भिंग केलं (घरातलं सगळ्यात चांगलं भिंग तेच असतं) आणि पाहिलं : स्प्रिंगवरच्या पिनांपैकी एक आत रुतलेली, तिच्या मुळाशी हिरवट पांढरा थर.

म्हणून पहिलं सांगणं हे, की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निकाल वहीत लिहा. लेन्स, कडी, फ्लॅश, बॅटरी सगळं एकदम बदललं आणि दोष गेला, तर तो कशाने गेला ते कळत नाही, आणि तो परत येतो. दोष जिथे आणि ज्या वेळी दिसतो, तिथेच आणि त्याच वेळी तपासा. दुकानात जायचं झालं तर फोटो काढताना जे जे जोडलं होतं ते सगळं न्या, आणि वेळ, हवा, जागा एका चिठ्ठीवर लिहून द्या. ‘‘पहाटे दवात बिघडतं, दुपारी बरं असतं’’ हे एक वाक्य मी पहिल्या खेपेला सांगितलं असतं तर बाकीचं टळलं असतं.

कॉन्टॅक्ट साफ करताना बरेच जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. तेलकट थर त्याने निघतो. मीठ मात्र त्यात जवळजवळ विरघळत नाही. आधी बॅटरी काढा. मग डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि त्यानंतर अल्कोहोलने, म्हणजे उरलेलं पाणीही निघून जातं. पुसताना उघडी बाजू खाली धरा. रुतलेली पिन लाकडी टूथपिकने अलगद दाबून सोडली तर कधी कधी मोकळी होते. खोडरबराने घासू नका : मुलामा झिजतो आणि भुगा आत पडतो.

काही वेळा बिघाड नसतोच. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा एफ 11 हे परिणामाने एफ 22 होतं. उजेड दोन स्टॉप कमी पडतो आणि अ‍ॅपर्चर आणखी बंद केलं तर सगळंच किंचित मऊ दिसतं. स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक-दीड मिलिमीटर. डोळा नीट आणि नांगी धूसर आली तर लेन्सला दोष देऊ नका. फ्लॅश लावल्यावर फोटोची एक कड काळी आली तर शटरचा वेग बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत 1/200 ते 1/250 च्या पुढे साधा फ्लॅश सगळ्या चौकटीला पुरत नाही.

फ्लॅशमध्ये अल्कलाइन सेल विसरलात तर ते गळतात. तो पांढरा थर अल्कधर्मी असतो. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवून पिळलेल्या कापसाच्या काडीने निघतो, नंतर पाण्याचा ओलसर हात फिरवून वाळवायचं. फ्लॅश मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात. जिवाशी गाठ आहे.

उरलं साठवण. आतून कापडी किंवा चामड्याच्या बॅगा ओल धरतात आणि लेन्सच्या काचेवर बुरशीचं जाळं धरतं. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला की ते दिसतं. दर पंधरा दिवसांनी बघत जा. मी रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवतो. काटा 40 ते 50 च्या दरम्यान असावा. फार कोरडं केलं तर आतलं वंगण सुकतं. नारिंगी जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. तांदूळ बरणीत ठीक. डब्यात नको, त्याची पूड उडते. खाजणातून आल्यावर सामान डब्यात जाण्याआधी बाहेरून ओलसर कापडाने पुसायचं आणि पंख्याखाली सुकवायचं. माझा तो अर्धा तास दमलेलो असलो तरी चुकत नाही.

विसाची कडी गेलीच; मुलाम्याखालचा धातू खाल्ला गेला होता. बाकीच्या दोन चालू आहेत. आईची बरणी अजून कट्ट्यावर त्याच जागी असते. मीठ बोटांना ओलं लागलं की ती मला हाक मारते, आणि मी हातातलं काम ठेवून डब्याचा काटा बघून येतो.