खाशाबा जाधव, राजाराम कॉलेज आणि चौथीच्या वर्गातली कुस्ती



१५ जानेवारी हा दिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा दादासाहेब जाधवांचा हा जन्मदिवस. बहुतेक शाळांत त्या दिवशी फोटोला हार घालतात, पाच मिनिटांचं भाषण होतं आणि पोती-शर्यत लागते. त्यात वाईट काही नाही. पण खाशाबांच्या गोष्टीत भाषा, गणित, भूगोल असं सगळंच आहे. शिवाय शिक्षकांनी स्वतःशी वाचावं असंही बरंच आहे. म्हणून हा पाठ मी चौथीला कसा घेते ते इथे मांडते. तिसरीला थोडा सोपा करून चालेल.

आधी गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळचं गोळेश्वर हे खाशाबांचं गाव, जन्म १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, आणि पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. म्हणजे लाल माती घरातच होती. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. शाळेत ते नुसती कुस्ती खेळत नव्हते, पोहणं, धावणं, वजन उचलणं, हातोडाफेक असं सगळं करायचे. हे मुलांना आवर्जून सांगा, कारण हल्ली सहाव्या वर्षीच एक खेळ ठरवून त्याचा क्लास लावायची घाई दिसते.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानाचं गाव, गल्लोगल्ली तालमी. अशा गावात कॉलेजच्या कुस्तीत नाव घालायचं म्हणजे चांगलीच चुरस असणार. खाशाबांची उंची साधारण साडेपाच फूट, अंगानं बारीक. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेसाठी ते नाव द्यायला गेले तेव्हा क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी बघून नकार दिला, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. ते सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्यापेक्षा थोराड गड्यांना एकामागोमाग एक चितपट केलं.

इथे मी गोष्ट थांबवते आणि वर्गाला विचारते, "सरांनी नाही का म्हटलं असेल?" आमच्या दिवाळे गावातली मुलं, बहुतेक कोळी-आगरी घरातली. खाडीकाठी वाढलेल्या या मुलांना अंगकष्ट माहीत असतात. एक जण म्हणाला, "बारक्याला लागंल म्हणून." दुसरी म्हणाली, "हारला तं कालेजचं नाव जाईल." दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि क्रीडाशिक्षकांना खलनायक न करता गोष्ट सांगता येते ती यामुळेच. त्यांच्या नकारात काळजीही असू शकते. पण काळजीपोटी दिलेल्या नकारानंसुद्धा मुलाची वाट बंदच होते, आणि संघ निवडताना रांगेतल्या उंच मुलाकडे आधी बोट जाण्याची सवय सगळीकडे आहे. इथे वर्गात दोन मिनिटं शांतता राहिली तरी राहू द्या.

आता गणिताकडे. हा भाग मुलांना फार आवडतो. कुस्तीचा संघ हा कबड्डीच्या संघासारखा नसतो. कबड्डीत सात जण एकदम मैदानात असतात. कुस्तीत प्रत्येक जण एकटाच उतरतो, आपल्याच वजनाच्या गड्याशी लढतो, आणि सगळ्यांचे गुण शेवटी एकत्र होऊन कॉलेजला सांघिक विजेतेपद मिळतं. आज मोठ्यांच्या फ्रीस्टाइल कुस्तीत ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५ किलो असे दहा गट आहेत. हे आकडे फळ्यावर लिहा. मुलांना फरक काढायला सांगा: ५७ आणि ६१ मध्ये ४, पण ९७ आणि १२५ मध्ये २८! का बरं? चर्चा होऊ द्या.

मग वर्गाचं खोटं कॉलेज करा. चार गट, प्रत्येक गटाचं एक कॉलेज. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक वजनगटाचा निकाल काढायचा. पहिल्याला ५ गुण, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १ (हे गुण वर्गापुरते, खऱ्या स्पर्धेतले तक्ते वेगळे असतात). आमच्याकडे एका कॉलेजला दोन सुवर्ण मिळाली, दोन्ही जाड गटांत. एकूण १०. मुलं नाचायलाच लागली. दुसऱ्या कॉलेजला सुवर्ण एकच, पण दुसरे क्रमांक तीन आणि एक तिसरा. ५ अधिक ९ अधिक १, झाले १५. वर्ग गप्प! एक सुवर्णवालं कॉलेज दोन सुवर्णवाल्यावर कसं जिंकलं, हे मुलांनी स्वतः तीन वेळा बेरीज करून तपासलं. बेरीज-गुणाकाराचा इतका मनापासून सराव स्वाध्यायपुस्तिकेत होत नाही.

आणि मुद्दा त्यांच्याच लक्षात आला, की ५७ किलोच्या पोराचे गुण आणि १२५ किलोच्या पैलवानाचे गुण सारखेच मोजतात. बारका नसेल तर तो गट रिकामा, आणि रिकाम्या गटाला शून्य. एक मुलगा म्हणाला, "टीचर, होडीवं पण तसाच. तांडेल एकलाच काय करील, खलाशी नको?" मी त्याचं वाक्य तसंच फळ्यावर लिहिलं. प्रमाण भाषेत करायची गरज वाटली नाही.

एक सूचना मात्र कळकळीची. वजनगट शिकवताना मुलांची वजनं वर्गात करून फळ्यावर लिहू नका. काटा आणायचा मोह होतो, मोजमापाचा पाठ आयता मिळतो. पण जाड मुलाला आणि किडकिडीत मुलाला ते आकडे वर्षभर चिकटतात. मोजायचंच असेल तर दप्तर मोजा, पाण्याची बाटली मोजा. आमच्या गावात मासळीचं वजन घरोघरी रोज चालतं, त्यामुळे "५७ किलो म्हणजे किती पाट्या?" हा प्रश्न मुलं आईला विचारून येतात. तसंच वर्गातल्या फरशीवर कुस्ती लावून देऊ नका. मानेची पकड आणि डोक्यावर पडणं या दोन गोष्टींना फरशीवर माफी नाही. डाव बघायचे असतील तर गावच्या जत्रेतल्या कुस्त्या पालकांबरोबर बघू देत.

परत गोष्टीकडे येऊ. १९४८ साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले, ५२ किलो गटात. प्रवासखर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. तिथे पहिल्यांदा त्यांचा मॅटशी खरा सामना झाला. माती आणि मॅट यांतला फरक मुलांना समजावून सांगायलाच हवा. हौदातल्या लाल मातीत पाय रुततो, अंगाला माती लागली की पकड घट्ट बसते, कुस्ती बराच वेळ चालते आणि पाठ टेकली की निकाल. गादीवर पाय सटकतो, घामाचं अंग निसटतं, घड्याळ चालू असतं, आणि पाठ टेकली नाही तरी गुण मोजून निकाल लागतो. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात, ते याचसाठी. म्हणजे खाशाबांना तिथे ओळखीचा खेळ नव्या नियमांनी खेळावा लागला. तरी ते सहावे आले! आपल्याकडे मराठी माध्यमातून पाचवीला इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलाची अवस्था आठवा. हुशारी तीच असते, पायाखालची जमीन बदललेली असते.

पुढची चार वर्षं त्यांनी तयारी केली आणि गट वाढवून ५७ किलोत आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीआधी मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, कुस्ती पुन्हा लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली. ही गोष्ट सांगितली की मुलं विचारतात, "तक्रार केली तर चालते?" चालते, असं मी स्पष्ट सांगते. भांडण आणि दाद मागणं यातला फरक चौथीत कळायला हरकत नाही.

निवड झाली, पण पैसे? गावानं वर्गणी काढली, लोकांनी हातभार लावला. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! गहाण म्हणजे काय, हे मुलांना ठाऊक असतं. जाळी आणि होडीच्या दुरुस्तीसाठी आईचे दागिने कधी तरी गेलेले असतात. म्हणून या ठिकाणी आमचा वर्ग एकदम गंभीर होतो. मला स्वतःला या पाठातली सगळ्यात मोठी कुस्ती हीच वाटते. मुलगा जिंकेल याची कसलीच खात्री नव्हती, चार वर्षांपूर्वी तो सहावा आला होता, आणि तरी एका शिक्षकानं घर लावलं. आपल्यावर घर गहाण ठेवायची वेळ येणार नाही, पण एखाद्या मुलीच्या स्पर्धेसाठी रविवार द्यायची वेळ दर महिन्याला येते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या मल्लाकडून ते हरले. इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं आणि त्यांच्या बाजूनं बोलायला तिथे कोणी भारतीय अधिकारी नव्हता, असं सांगतात. इशीला सुवर्ण, सोव्हिएत मल्लाला रौप्य, खाशाबांना कांस्य. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघानंही सुवर्ण जिंकलं, पण एकट्याच्या खेळात पदक आणणारे खाशाबाच पहिले.

गावी परतले तेव्हा दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि त्यानंतर त्यांनी काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं. हा भाग मुलांकडून वाचून घ्या, आपण सांगू नका.

वजाबाकीसाठी साल आयतं आहे. भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ साली लिअँडर पेसनं टेनिसमध्ये मिळवलं. १९९६ वजा १९५२ बरोबर ४४. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक पदक २०२४ साली पॅरिसमध्ये मिळालं, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेला, नेमबाजीत. म्हणजे ७२ वर्षं. मुलांना सांगा की आपल्या आजोबांचं वय काढा आणि त्यांच्या किती आयुष्यात हे बसतं ते बघा.

खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, कितीतरी वर्षांनी. मुलांना हे सांगावं का, असं एका सहकारी बाईंनी मला विचारलं होतं. मी सांगते. पदक मिळालं की सगळं मिळतं, असं मुलांनी धरून चालू नये. पण ते शेवटच्या तासाला, घाईत सांगू नका, प्रश्नांना वेळ ठेवा.

पालकांसाठी थोडं वेगळं. "पोरगा तालमीत गेला की अभ्यास बुडाला" हे वाक्य पालक सभेत हमखास ऐकू येतं. खाशाबा कॉलेजात शिकत होते, शिकले म्हणून पोलिसात अधिकारी झाले. तालमीची वेळ पहाटेची, शाळेची दुपारची, दोन्ही बसतं. बसत नाही ती झोप, आणि ती मोबाइलमुळे जाते, जोर-बैठकांमुळे नाही. खुराकाची भीती असते, बदाम-तुपाचा खर्च कुठून? दहा वर्षांच्या मुलाला पैलवानाचा खुराक लागतच नाही. भाकरी, डाळ, अंडं, आणि आपल्याकडची मासळी पुरते. वजन घटवायला किंवा वाढवायला या वयात कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

आणि मुली? हा प्रश्न आमच्या वर्गात एका मुलीनंच विचारला. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ साली आली, साक्षी मलिकनं २०१६ ला कांस्य आणलं, आणि २०२३ साली सांगलीत पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीची गदा प्रतीक्षा बागडीनं उचलली. ती मुलगी वहीत नाव लिहून घेत होती.

शब्दसंपत्तीसाठी आखाडा, हौद, वस्ताद, शड्डू, खुराक, लांग, चितपट, सलामी हे शब्द घ्या. धोबीपछाड म्हटलं की वर्ग हसतो, हसू द्या, आणि "आसमान दाखवणे" हा वाक्प्रचार कुठून आला ते मुलांनाच शोधू द्या. पाठीवर पडल्यावर काय दिसतं, एवढा एक प्रश्न पुरतो.

गृहपाठ एकच देते: घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, आपल्या गावात किंवा मूळ गावात आखाडा होता का, कुठे होता, आणि आता त्या जागी काय आहे. मागच्या वर्षी उत्तरं कागदावर गोळा केली. कुणाच्या आखाड्याच्या जागी आता देऊळ आहे, कुणाकडे इमारत, एकाच्या मूळ गावी हौद अजून आहे आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. तो कागद वर्गाच्या भिंतीवर लावलाय. यंदाची मुलं त्यात भर घालतायत.