मासेमारीसाठी गॉगल घेताना काय पाहाल?

मैत्रिणींनो, बडनेऱ्याच्या आसपासच्या तलावांवर किंवा मोर्शीकडे अप्पर वर्धा धरणावर ज्यांच्या घरचे जाळं टाकतात, त्यांच्या डोळ्यांना ऊन दोनदा लागते: एकदा वरून, एकदा पाण्यावरून. वर्षानुवर्षं असं झालं तर डोळ्यात मांस वाढू शकते, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो.

१. गॉगल ‘यूव्ही ४००’चाच पायजे. नुसती काळी काच धोक्याची. काहून की काचेमागच्या अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते अन् घातक किरणं जास्त आत जातात. चिठ्ठी खोटीही असते. चष्म्याच्या दुकानात मशीन असेल तर तपासून मागा.

२. ‘पोलराइज्ड’ काच पाण्याची चमक कापते. जाळं, पाण्यातले खुंट नीट दिसतात. ओळख सोपी: चमकत्या पाण्याकडे पाहत गॉगल आडव्याचा उभा करा. चमक कमी-जास्त झाली, तर माल खरा. पण पोलराइज्ड म्हणजे यूव्ही ४०० नव्हे.

३. पैसे कमी असतील तर पोलराइज्ड सोडा, यूव्ही ४०० सोडू नका.

४. काच न फुटणारी, काडी रुंद, मागं दोरी बांधलेली असावी. वर टोपी घालाच.

पुढच्या बैठकीत घरचा गॉगल आणा. कोणता ठेवायचा, कोणता बदलायचा, ते सगळ्या मिळून ठरवू.