मळ्यातून पेल्यात

कर्नाटक राज्यातील चिकमगळूर शहराच्या उत्तरेस सह्याद्रीची एक रांग अर्धचंद्राकार पसरलेली आहे. तिला बाबा बुडनगिरी असे म्हणतात. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे एक सूफी साधुपुरुष मक्केच्या यात्रेहून परतताना येमेन देशातून कॉफीच्या सात बिया घेऊन आले व त्यांनी त्या याच डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. रुजू शकणारे बी देशाबाहेर जाऊ नये म्हणून अरब व्यापारी फार दक्ष असत. त्यामुळे बाबांना त्या बिया लपवून आणाव्या लागल्या, असेही सांगतात. भारतातील कॉफीच्या लागवडीचा आरंभ याच डोंगरात झाला, असे मानले जाते. आज देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला तिची थोडी लागवड आहे.

कॉफीचे झाड मूळचे आफ्रिकेतील इथिओपिया देशाच्या उंच प्रदेशातील रानातले. मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढण्याचा त्याचा स्वभाव आहे. म्हणून चिकमगळूर किंवा कोडगू येथील मळ्यात शिरल्यावर शेतात आल्यासारखे न वाटता अरण्यात आल्यासारखे वाटते. वर फणस व सिल्व्हर ओक यांची छाया, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली कॉफीची छाटून ठेंगणी राखलेली झुडपे, असे तेथील दृश्य असते. कॉफीच्या मुख्य जाती दोन. अरेबिका ही नाजूक. ती सुमारे १००० मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर चांगली येते व तिचा स्वाद मृदू आणि सुगंधी असतो. रोबस्टा ही काटक. ती कमी उंचीवरही तग धरते व चवीला अधिक कडवट असते.

मार्च-एप्रिल महिन्यांत वळवाची सर येते, तिची मळेवाले चातकासारखी वाट पाहतात. सर पडून गेल्यावर आठ-दहा दिवसांत झुडपे पांढऱ्याशुभ्र फुलांनी बहरून जातात व सारा डोंगर सुगंधाने दरवळतो. हा बहर थोड्याच दिवसांचा असतो. पण ती सर चुकली, तर वर्षाचे पीक धोक्यात येते. पुढे अरेबिकाचे फळ पिकण्यास आठ-नऊ महिने लागतात. या काळात पानांवर तांबेरा पडतो, खोडात किडा शिरतो. या रोगांशी व किडींशी झुंज देण्यासाठी चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथे १९२५ साली संशोधन केंद्र स्थापन झाले. ते आजही कार्य करीत आहे.

फळे पिकू लागली की खरी कसोटी सुरू होते. एकाच फांदीवर काही फळे हिरवी, काही पिवळसर, तर काही लालबुंद असतात. उत्तम कॉफी केवळ लाल फळांतूनच मिळते. हिरव्या फळाची कॉफी तुरट लागते. म्हणून वेचणाऱ्या स्त्री-पुरुषांना त्याच झुडपापाशी पुनःपुन्हा यावे लागते. परंतु मजुरी जर केवळ वजनावर मिळत असेल, तर तराजूला हिरवे काय आणि लाल काय, दोन्ही सारखीच! भराभर ओरबाडणाऱ्याचे पोते जड होते. निवडून वेचणाऱ्याचे हलके राहते. ज्याला चांगला माल हवा, त्या मळेवाल्याने निवडून वेचण्याच्या कष्टाचे मोल वेगळे दिले पाहिजे. ते न देता लाल फळांची अपेक्षा धरणे न्यायाचे नाही आणि शहाणपणाचेही नाही.

वेचलेली फळे शक्यतो त्याच दिवशी यंत्रात घालून त्यांची साल काढतात. तरीही बियांना एक चिकट थर चिकटलेला असतो. बिया हौदात काही तास आंबवत ठेवल्या की तो थर सुटतो. मग त्या धुऊन उन्हात पसरतात. आंबवणे थोडे लांबले तरी मालाला आंबूस वास येतो. वाळवताना दिवसभर बिया खालीवर कराव्या लागतात आणि रात्री दवापासून झाकून ठेवाव्या लागतात. अवेळी पाऊस आला, तर वर्षाचे श्रम एका रात्रीत वाया जाऊ शकतात. वाळलेल्या बियांवरचा चिवट पापुद्रा कारखान्यात काढतात आणि आकारानुसार त्या चाळून फुटक्या व काळ्या बिया वेगळ्या करतात. सुमारे सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो हिरव्या बिया हाती येतात.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातील बाजारपेठा बंद पडल्या, तेव्हा मळेवाल्यांना आधार देण्यासाठी सरकारने १९४२ साली कायदा केला. त्या कायद्यान्वये कॉफी मंडळ सर्वांचा माल एका सामाईक साठ्यात घेऊन विकीत असे. त्यामुळे मळेवाले तरले. पण अनेक मळ्यांचा माल एकत्र झाल्याने कोणाची कॉफी कोणती, हे पिणाऱ्यास कळत नसे. ही व्यवस्था १९९६ साली पूर्णपणे संपली. त्यानंतर मळ्याचे नाव पाकिटावर येऊ लागले. जाणकार परीक्षक कॉफीचा गंध, आंबटपणा, गोडवा इत्यादी गुण चाखून तिला गुण देतात. रूढ पद्धतीनुसार शंभरांपैकी ८० किंवा अधिक गुण मिळाले, तरच तिला ‘स्पेशालिटी कॉफी’ म्हणतात.

यानंतर बिया भाजतात. हिरवी बी आधी पिवळी, मग तपकिरी होते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला लाहीप्रमाणे तडतडते. त्या वेळी क्षणभराचे दुर्लक्षही महाग पडते, कारण अधिक भाजल्यास मळ्यातून आलेला नाजूक सुगंध जळून जातो. शेवटी ताजी पूड आणि उकळीच्या किंचित खाली असलेले पाणी यांची भेट होऊन पेला भरतो.

या दीर्घ प्रवासात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एकच आहे. कॉफीतील सद्‌गुण झाडावर पिकलेल्या लाल फळातच असतो. धुणारा, वाळवणारा, भाजणारा, गाळणारा यांपैकी कोणीही त्यात मोलाची भर घालू शकत नाही. प्रत्येकाला तो केवळ जपता येतो किंवा दवडता येतो. यांपैकी एकाचा हात चुकला, तर इतर सर्वांचे श्रम व्यर्थ जातात. म्हणूनच पेल्याचे श्रेय वाटताना डोंगरउतारावर वाकून एकेक लाल फळ वेचणारा हात विसरता कामा नये. पाकिटावर मळ्याचे नाव छापले जाते. त्या हाताचे नाव कोठेही नसते. त्याला योग्य दाम मिळणे, हीच त्याची खरी ओळख होय.

अभ्यास
१. कॉफीचा मळा अरण्यासारखा का दिसतो?
२. केवळ वजनावर मजुरी दिल्यास कॉफीच्या प्रतीवर काय परिणाम होतो?
३. १९४२ च्या कायद्याने मळेवाल्यांचा कोणता लाभ झाला व कोणती उणीव राहिली?
४. ‘प्रत्येकाला तो केवळ जपता येतो किंवा दवडता येतो’ या वाक्याचा अर्थ तुमच्या परिसरातील एखाद्या व्यवसायाचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.