शाबासकी, शिक्षा आणि खोड

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं’ अशी एक म्हण आपल्याकडे प्रसिद्ध आहे. एखाद्या मुलाची तक्रार सांगणारे शिक्षक व ती ऐकणारे पालक हे दोघेही पुष्कळदां या म्हणीपाशीं येऊन थांबतात. मुलगा खोडकर आहे, तो त्याचा स्वभावच आहे, असें एकदां ठरलें म्हणजे पुढें शिक्षेवांचून दुसरा उपाय सुचत नाहीं; आणि शिक्षाही चालली नाहीं म्हणजे हात टेकण्यापलीकडे कांहीं उरत नाहीं. प्रस्तुत लेखांत या म्हणीची थोडी परीक्षा घेण्याचा आमचा विचार आहे. खोड कोठून येते, ती कशानें पोसली जाते, आणि शिक्षक व पालक नकळत तिला खतपाणी कसें घालतात, हें आपण पाहूं.

खोड कशी पोसली जाते

इ. स. १८९८ मध्यें थॉर्नडाइक नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलेलें मांजर एका पिंजऱ्यांत कोंडावयाचें व बाहेर खाऊ ठेवावयाचा. आंतील एक कळ दाबली किंवा दोरी ओढली कीं दार उघडे. प्रथम मांजर सैरभैर होऊन ओरबाडी, चावे, धडपडे. आणि त्या धडपडींत केव्हां तरी चुकून कळ दाबली जाई. पुन्हां पुन्हां तसेंच केल्यावर निरर्थक धडपड हळूहळू गळून पडली व मांजर थेट कळीकडे जाऊं लागलें. ज्या कृतीचें फळ सुखाचें होतें ती कृति दृढ होते, असा नियम त्यांतून निघाला. पुढें इ. स. १९३८ मध्यें स्किनर या शास्त्रज्ञानें उंदरांवरील प्रयोगांनीं हाच विचार अधिक बारकाईनें मांडला. कृति दृढ करणाऱ्या फळास मानसशास्त्रांत ‘प्रबलन’ असें म्हणतात.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. प्रबलन कोणतें, हें देणाराच्या हेतूवरून ठरत नाहीं. घेणाराच्या पुढील वागण्यावरून ठरतें. आपण रागावून जें दिलें तेंही मुलाला गोड लागलें, तर तें प्रबलनच होय. उलट, आपण कौतुक म्हणून जें दिलें तें त्याला चारचौघांत लाज आणणारें वाटलें, तर तें प्रबलन नव्हे. शिवाय सुख दोन प्रकारांनीं मिळतें. कांहीं हवेंसें हातीं येणें हा एक प्रकार. नकोसें कांहीं टळणें हा दुसरा. पहिल्यास धन प्रबलन व दुसऱ्यास ऋण प्रबलन म्हणतात. पायांत रुतलेला कांटा काढला म्हणजे जें बरें वाटतें तें दुसऱ्या प्रकारचें सुख होय. पुढील हकीकत याच दुसऱ्या प्रकाराची आहे.

वैजापुराकडील एक अनुभव

कांहीं वर्षांपूर्वीं वैजापूर तालुक्यांतील एका शाळेंत आम्ही सहाव्या इयत्तेस गणित शिकवीत होतों. गोदाकांठच्या एका वस्तीवरून येणारा एक मुलगा वर्गांत होता. गणिताचा तास सुरू झाला कीं त्याचा उपद्रव सुरू होई. शेजाऱ्याची पट्टी ओढावी, बाकावर ताल धरावा, मध्येंच चित्रविचित्र आवाज काढावा. आम्ही त्याला दोनदां दटावीत असूं व तिसऱ्या वेळीं वर्गाबाहेर उभें करीत असूं. असें जवळजवळ एक सत्र चाललें. उपद्रव कमी झाला नाहीं. उलट तो अधिक लौकर सुरू होऊं लागला. ‘निगरगट्ट आहे’ असा शेरा आम्ही मनांतल्या मनांत मारून टाकला होता.

अखेर एका वडीलधाऱ्या शिक्षकांनीं आम्हांला विचारलें, “तो नेमका केव्हां ओरडतो, याची नोंद केली आहे काय?” नोंद केली नव्हती. मग आम्ही एका वहींत तीन रकाने आंखले: आधीं काय घडलें, मुलानें काय केलें, नंतर काय झालें. पांच दिवसांतच त्या वहीनें आमची फजिती केली. फळ्यावर अपूर्णांकांचें उदाहरण लिहून ‘आतां सोडवा’ असें म्हणतांच उपद्रव सुरू होई. तोंडी प्रश्नांच्या वेळीं होत नसे. मराठीच्या तासाला तर मुळींच होत नसे. आणि तिसऱ्या रकान्यांत दररोज एकच वाक्य होतें: ‘बाहेर पाठविलें.’

अर्थ उघड होता. त्याला अपूर्णांक येत नव्हते. न येणारें उदाहरण चाळीस मुलांसमोर घेऊन बसण्यापेक्षां बाहेर निंबाच्या सावलींत उभें राहणें त्याला पुष्कळ बरें वाटत होतें. आम्ही जिला शिक्षा म्हणत होतों ती त्याची सुटका होती. दररोज आवाज काढल्याबद्दल आम्हीच त्याला बक्षीस देत होतों! आणि अपूर्णांक कां येत नव्हते? हजेरीपट उघडून पाहिला. ते शिकविले गेले त्या दिवसांत तो कांद्याच्या लागणीसाठीं घरीं राहिला होता. म्हणजे दोष मुलाच्या स्वभावाचा नव्हता. पंधरा दिवसांच्या एका खळग्याचा होता, आणि तो खळगा आम्ही दररोज अधिक खोल करीत होतों.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरविल्या. त्याला वर्गाबाहेर काढावयाचें नाहीं. त्याला झेपतील अशीं दोनच उदाहरणें प्रथम द्यावयाचीं, आणि तीं होतांच काय बरोबर केलें तें सांगून शाबासकी द्यावयाची. आणि अडलें म्हणून त्यानें हात वर केला कीं तत्काळ त्याच्या बाकापाशीं जावयाचें. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली. सुटका त्याला हवीच होती. ती आवाज काढून न मिळतां हात वर करून मिळूं लागली, एवढाच फरक.

पहिला आठवडा कठीण गेला. जुना मार्ग चालेनासा झाल्यावर माणूस तोच मार्ग अधिक जोरानें धरून पाहतो; नेहमींची कडी निघाली नाहीं तर आपण दार आधीं अधिकच हलवितों, तसेंच हें. त्या आठवड्यांत आवाज वाढले, व आमचा धीर सुटतां सुटतां राहिला. दुसऱ्या आठवड्यापासून हात वर होऊं लागला. एके दिवशीं सहज विचारलें असतां तो म्हणाला, “गुरुजी, बाहेर बरं वाटायचं. आत सगळे बघायचे.” त्या दोन वाक्यांनीं आम्हांला जें शिकविलें तें शिक्षणशास्त्राच्या पदवीनें शिकविलें नव्हतें. वार्षिक परीक्षेंत त्याला गणितांत बेताचेच गुण मिळाले. परंतु उत्तरपत्रिकेचें एकही पान त्यानें कोरें सोडलें नाहीं. वाया गेलेलें एक सत्र मात्र आम्हांला त्याला परत देतां आलें नाहीं.

‘बस खालीं’ या शब्दांची गोष्ट

आपल्या वर्गांत असें घडलें, तसेंच तें परदेशींही घडतें. इ. स. १९६८ मध्यें अमेरिकेंत मॅडसन, बेकर व त्यांचे सहकारी यांनीं पहिलीच्या एका वर्गांत मजेदार निरीक्षण केलें. मुलें जागेवरून उठलीं कीं शिक्षिका ‘बस खालीं’ असें म्हणत. त्यांना हें अधिक वेळां म्हणावयास सांगितलें, तेव्हां उठणाऱ्या मुलांची संख्या घटली नाहीं, वाढली! प्रत्येक मूल ‘बस’ म्हणतांच बसे, त्यामुळें शिक्षिकेस वाटे कीं हुकूम लागू पडला. परंतु बाईंचें लक्ष मिळावें म्हणून तीं मुलें पुन्हां उठत. नीट बसून काम करणाऱ्या मुलांचें कौतुक सुरू केलें, तेव्हां उठणें कमी झालें. त्याच वर्षीं याच मंडळींनीं दाखवून दिलें कीं, नुसते नियम सांगून वर्गावर फारसा परिणाम होत नाहीं. चांगल्या वागणुकीचें कौतुक व क्षुल्लक खोड्यांकडे दुर्लक्ष यांची जोड मिळाली म्हणजे तो होतो.

त्याच १९६८ सालीं बेअर, वुल्फ व रिझ्ली या कॅन्सस विद्यापीठांतील तिघांनीं एक लेख लिहून या शास्त्राची चौकट आंखून दिली. ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ असें त्याचें नांव. नांव भारदस्त आहे, परंतु त्याचें सार आमच्या त्या तीन रकान्यांच्या वहींत मावतें: आधीं काय, वागणें कोणतें, नंतर काय.

कोसबाडच्या टेकडीवरील धडा

वहीचा पहिला रकाना आपण बहुधा विसरतों. तो कसा वाचावा, याचें थोर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें. ताराबाई मोडक यांनीं अनुताई वाघ यांच्यासह इ. स. १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्रामीण मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें, व १९५७ मध्यें तें डहाणू तालुक्यांतील कोसबाड येथें नेलें. तेथील आदिवासी मुलें शाळेंत येत नसत. आळशी, अडाणी असा शिक्का मारून हजेरीसाठीं दरडावणें सोपें होतें. या दोघींनीं तसें केलें नाहीं; मुलें कां येत नाहींत तें पाहिलें. कांहीं मुलें गुरें राखीत, तर कांहीं मुलींच्या कडेवर धाकटें भावंड असे. तेव्हां गुरें चरतात तेथेंच कुरणशाळा भरली. धाकट्या भावंडांसाठीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. आणि मुलांच्या अंगणांतच अंगणवाडी गेली. शिक्षा कोणासही झाली नाहीं. अडचण दूर झाली व मुलें आलीं.

ताराबाई माँटेसरीबाईंच्या विचारांच्या अनुयायी होत्या. बक्षीस व शिक्षा हीं दोन्हीही मुलाच्या आंतरिक ओढीस मारक आहेत, असें माँटेसरीबाईंचें मत होतें. मग वर आम्ही प्रबलनाचा जो पुरस्कार केला त्याचें काय? हा प्रश्न टाळतां येणार नाहीं.

बक्षीस आणि लांच

इ. स. १९७३ मध्यें लेपर, ग्रीन व निस्बेट यांनीं एका बालवाडींत असा प्रयोग केला. ज्या मुलांना रंगीत लेखण्यांनीं चित्रें काढणें मनापासून आवडतें अशीं मुलें निवडलीं. कांहींना आधींच सांगितलें कीं चित्र काढलें तर प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींना तें चित्र काढल्यावर अचानक दिलें. कांहींना दिलेंच नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं लेखण्या नुसत्या समोर ठेविल्या असतां, ज्यांच्याशीं आधीं सौदा झाला होता त्या मुलांचा चित्रांतील रस घटलेला दिसला. इतर दोन गटांचा तसा घटला नाहीं.

यावरून माँटेसरीबाईंच्या सावधगिरीस आधार मिळतो. जें काम मूल आनंदानें करितें त्यावर मोल चिकटवूं नये. पण जें काम मुलाला अद्याप येतच नाहीं, म्हणून ज्यांत त्याला आनंद कसा तो ठाऊकच नाहीं, तेथें पहिल्या पायऱ्या चढतांना हाताचा आधार द्यावा लागतो. आणि चालतां येऊं लागलें कीं तो हात हळूहळू काढून घ्यावा लागतो. आमच्या त्या विद्यार्थ्यास पहिल्या आठवड्यांत प्रत्येक उदाहरणास शाबासकी लागली. दोन महिन्यांनीं आठवड्यांतून एखादी पुरली. लांच काम होण्यापूर्वीं, उपद्रव थांबावा म्हणून दिली जाते. प्रबलन चांगलें काम झाल्यावर मिळतें. बाजारांत रडणाऱ्या मुलास गप्प करण्यासाठीं गोळी देणारा बाप त्याला गप्प बसावयास शिकवीत नाहीं, रडावयास शिकवितो.

पालकांस विनंती

१ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शाळेंत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. तरीही ‘गुरुजी, चांगला चोपून काढा’ असें सांगणारे पालक आम्हांला अजून भेटतात. त्यांचें प्रेम आम्ही जाणतों. परंतु छडी काय करूं नये एवढेंच सांगते. काय करावें तें सांगत नाहीं, आणि शाळा व भीति यांची मात्र कायमची गांठ मारून ठेविते. तेव्हां पुढील चार गोष्टी घरीं करून पाहाव्या.

१. तक्रार करण्यापूर्वीं पांच दिवस तीन रकान्यांची नोंद ठेवावी.
२. ‘शहाणा आहेस’ असें मोघम न म्हणतां, ‘न सांगतां दप्तर भरून ठेविलेंस, हें चांगलें केलेंस’ असें नेमकें म्हणावें.
३. शाबासकी तत्काळ द्यावी. आठवड्यानें दिलेली शाबासकी कोणत्या कामाची, हें मुलास कळत नाहीं.
४. लागणीच्या वा काढणीच्या दिवसांत मुलास घरीं ठेवावेंच लागलें, तर शाळेस कळवावें. चुकलेला धडा भरून काढणें पुढील खोडी काढण्यापेक्षां सोपें आहे.

शेवटीं विद्यार्थिमित्रहो, दोन शब्द तुमच्यासाठीं. तुम्हीही दररोज एकमेकांस प्रबलन देत असतां. वर्गांतील टवाळखोरास हंसून दाद देणारे तुम्हीच, आणि चुकत चुकत उत्तर देणाराला हंसून कायमचें गप्प करणारेही तुम्हीच. पुढील वेळीं शेजारचा मुलगा फळ्यापाशीं अडखळला, तर हंसूं आवरा, आणि मधल्या सुटींत त्याला तें उदाहरण समजावून द्या. खोड मेल्याशिवाय जात नाहीं, ही म्हण कदाचित् एकट्या माणसाविषयीं खरी असेल. परंतु वर्गांत कोणीही एकटा नसतो.