उन्हाची प्रखरता आणि त्वचेचे संरक्षण

ऊन जितके तापते तितकेच ते त्वचेला अपायकारक असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः उन्हाची ऊब आणि त्वचा भाजणारे किरण या दोन भिन्न गोष्टी होत. त्वचेला इजा होते ती मुख्यतः अतिनील किरणांमुळे. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत व त्यांची धगही जाणवत नाही. म्हणूनच गार वारा वाहत असतानाही होडीत, मिठागरात अथवा शेतात राबणाऱ्याची त्वचा नकळत होरपळते.

या किरणांची प्रखरता सूर्याच्या उंचीवर अवलंबून असते. सूर्य माथ्यावर असता किरणांना वातावरणाचा सर्वांत कमी थर ओलांडावा लागतो. तो क्षितिजापासून ३० अंशांवर असता हा मार्ग दुप्पट होतो आणि वाटेतील ओझोन वायू अतिनील किरणांचा अधिक भाग शोषून घेतो.

पणजी येथे मे महिन्याच्या प्रारंभी आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर माथ्यावर येतो. तथापि २२ डिसेंबर रोजीही मध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या सुमारास, तेथे १ मीटर काठीची सावली सुमारे ८० सेंटिमीटरच पडते. त्याच दिवशी ग्वाल्हेरला ती काठीहून लांब असते. यास्तव गोव्यात हिवाळ्यातील दुपारही निर्धोक मानता येत नाही.

विरळ ढगांतून बहुतांश अतिनील किरण खाली पोहोचतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, तर समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के किरण परावर्तित करतो. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य काही अंशी रक्षण करते. परंतु डोळ्यांना ते पुरेसे नाही, आणि वर्षानुवर्षांच्या प्रखर उन्हाने मोतीबिंदूचा धोका वाढतो.

उपाय सोपे आहेत. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तोवर शक्यतो सावलीतील कामे करावीत. बाहेर जाणे अटळ असल्यास घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे कपडे व रुंद काठाची टोपी वापरावी. भिजलेल्या पातळ सुती कपड्यातून किरण अधिक शिरतात, हे कोळी बांधवांनी लक्षात ठेवावे. सकाळचे थोडे कोवळे ऊन मात्र टाळण्याचे कारण नाही.

शिक्षकांनी शाळेच्या अंगणात काठी रोवून दर महिन्याला मध्यान्हीची सावली विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावी. भूगोलाचा हा धडा मुलांमार्फत घरोघरी पोहोचेल आणि उन्हात राबणाऱ्या वडीलमंडळींच्याही उपयोगी पडेल.